रशियन रोमँटिक आणि निओक्लासिकल संगीताची ऑर्केस्ट्रा मैफल: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

खालची उत्तरे एक ठरावीक कार्यक्रम समोर ठेवून लिहिली आहेत. पूर्वार्धात सर्गेई प्रोकोफिएव्हची 'क्लासिकल' सिम्फनी (क्र. १, डी मेजर, ओपस २५) आणि इगोर स्त्राविन्स्कीचा 'पुल्चिनेला' स्वीट (छोट्या तुकड्यांची मालिका), मध्यंतरानंतर प्योत्र इलिच चायकोव्हस्कीची पाचवी सिम्फनी (ई मायनर, ओपस ६४). तिकीट काढून ऐकायला जाणाऱ्यांचे प्रश्न यात आहेत, तसेच वाजवणाऱ्यांचे आणि आयोजकांचेही.

रोमँटिक आणि निओक्लासिकल ही दोन टोके एकाच मैफलीत कशी?

ती दोन टोके नाहीत, म्हणूनच हा कार्यक्रम जमतो. रोमँटिक म्हणजे भावनेचा पूर आणि निओक्लासिकल म्हणजे त्याविरुद्धची कोरडी प्रतिक्रिया, अशी मांडणी सर्रास वाचायला मिळते. रशियापुरती तरी ती पटत नाही.

चायकोव्हस्कीचे दैवत होते मोझार्ट. १८८० च्या 'सेरेनेड फॉर स्ट्रिंग्ज'चा पहिला भाग त्याने जाणूनबुजून मोझार्टच्या ढंगात बांधला आणि १८८७ मध्ये मोझार्टच्याच रचना घेऊन 'मोझार्टियाना' स्वीट केला. जुन्या शैलीला आपल्या काळातून नमस्कार करण्याचा हा रिवाज चायकोव्हस्कीच्या घरातच होता. पुढे स्त्राविन्स्कीने १९२८ मध्ये चायकोव्हस्कीची गाणी आणि पियानोच्या रचना घेऊन 'द फेअरीज किस' हा बॅले लिहिला. स्त्राविन्स्कीचे वडील फ्योदोर हे पीटर्सबर्गच्या मारिन्स्की थिएटरातले नावाजलेले बास गायक, त्यामुळे हा वारसा त्याच्या कानावर लहानपणापासून होता. एक धागा हातात धरून हे तिघे ऐकावेत, अशी आमची शिफारस आहे.

'निओक्लासिकल' म्हणजे नेमके काय?

अठराव्या शतकातले साचे, म्हणजे गाव्होत आणि मिन्युएट हे नाच, सोनाटा, छोटा वाद्यवृंद. आणि त्यात विसाव्या शतकातले स्वरमेळ आणि लय. प्रोकोफिएव्हच्या सिम्फनीत अकराव्या बारमध्येच (बार म्हणजे तालाचे एक आवर्तन) हे कळते. डी मेजरमध्ये, म्हणजे डी हा षड्ज धरून, चाललेले वाक्य काहीही पूर्वसूचना न देता सी मेजरमध्ये जाऊन बसते आणि थोड्या वेळाने काही घडलेच नाही अशा थाटात परत येते. अठराव्या शतकातल्या हायडनने असे वळण घेतले असते तर आधी वाट करून दिली असती. प्रोकोफिएव्ह वाट दाखवत नाही, थेट पोहोचतो.

हायडन आणि मोझार्टची गोडी त्याला लागली ती पीटर्सबर्ग कॉन्झर्व्हेटरीत, निकोलाय चेरेप्निन यांच्या कंडक्टिंगच्या वर्गात. १९१७ च्या उन्हाळ्यात पेत्रोग्राडजवळच्या खेड्यात राहून, पियानोला हात न लावता त्याने ही सिम्फनी पुरी केली. २१ एप्रिल १९१८ रोजी ती त्याच्याच संचालनाखाली प्रथम वाजली.

'पुल्चिनेला'चे संगीत मुळात कुणाचे?

कार्यक्रमपत्रिकेत 'पेर्गोलेसीच्या संगीतावर आधारित' असे छापतात (पेर्गोलेसी हा अठराव्या शतकातला इटालियन रचनाकार). ते अर्धेच खरे आहे. बॅले रूस या नृत्यसंस्थेचे सर्गेई द्यागिलेव यांनी स्त्राविन्स्कीच्या हाती इटालियन हस्तलिखितांच्या आणि छापील रचनांच्या नकला दिल्या. सगळ्या पेर्गोलेसीच्या असाव्यात असा तेव्हा समज होता. नंतरच्या संशोधनात वेगळेच निघाले. सुरुवातीची 'सिन्फोनिया' दोमेनिको गाल्लोच्या त्रिवाद्य सोनाटामधली आहे, 'तारांतेला' उनिको विल्हेल्म फान वासेनार या डच सरदाराच्या कॉन्चेर्टोतली, 'गाव्होत' कार्लो मोंझाची. 'सेरेनाता', 'व्हिव्हो' आणि 'मिन्युएत' मात्र पेर्गोलेसीचेच.

स्त्राविन्स्कीने चाली आणि त्यांचा खालचा बास बहुतेक जागी तसाच ठेवला. बदलले ते वाक्यांच्या लांब्या, आघातांच्या जागा, मधले स्वर आणि कोणत्या वाद्याने काय म्हणायचे ते. बॅले १५ मे १९२० रोजी पॅरिसच्या ऑपेरात झाला. नेपथ्य आणि वेशभूषा पाब्लो पिकासोची, नृत्यरचना लिओनिद मासीनची, संचालन एर्नेस्ट आन्सेर्मे यांचे. बॅलेत तीन गायक आहेत. मैफलीत आपण ऐकतो तो १९२२ चा स्वीट, आठ भागांचा आणि गायकांविना. या रचनेच्या दारातूनच आपल्या पुढच्या सगळ्या कामाकडे जाता आले, असे स्त्राविन्स्कीने नंतर सांगितले.

स्टेजवर किती वादक लागतात?

तिन्ही रचनांचे आकडे फार वेगळे आहेत आणि आयोजकांची पहिली अडचण इथेच होते.

प्रोकोफिएव्ह: फ्लूट, ओबो, क्लॅरिनेट, बसून, हॉर्न, ट्रम्पेट प्रत्येकी २, म्हणजे १२, एक टिम्पनीवादक, तंतुवाद्ये साधारण १०-८-६-५-३ (पहिले व्हायोलिन, दुसरे व्हायोलिन, व्हिओला, चेलो, डबल बेस या क्रमाने), म्हणजे ३२. एकूण ४५.

पुल्चिनेला: फ्लूट २ (त्यातला एक पिकोलोही घेतो), ओबो २, बसून २, हॉर्न २, ट्रम्पेट १, ट्रॉम्बोन १, पुढे पाच एकल तंतुवादक, त्यांच्यामागे ४-४-४-३-३. एकूण ३३. क्लॅरिनेट एकही नाही आणि तालवाद्यही नाही.

चायकोव्हस्की: फ्लूट ३ (तिसरा पिकोलोही घेतो), ओबो २, क्लॅरिनेट २, बसून २, हॉर्न ४, ट्रम्पेट २, ट्रॉम्बोन ३, ट्यूबा १, टिम्पनी, तंतुवाद्ये १४-१२-१०-८-६, म्हणजे ५०. एकूण ७०. मोठ्या सभागृहात तंतुवाद्ये साठापर्यंत न्यावीत. पन्नासाच्या खाली आणू नयेत, कारण चौथ्या भागात दहा ब्रासवादक (हॉर्न, ट्रम्पेट, ट्रॉम्बोन, ट्यूबा) एकदम वाजवू लागले की चाळीस तंतुवादकांचे हात हलताना दिसतात, ऐकू मात्र येत नाहीत.

कार्यक्रमाचा क्रम असाच का? चायकोव्हस्की आधी ठेवला तर?

मोठ्या आवाजाची सवय झालेला कान नंतर बारीक आवाज ऐकत नाही. भरगच्च पंगतीनंतर कोशिंबिरीची चव कुणाला लागणार? म्हणून चायकोव्हस्की शेवटी.

पूर्वार्धात प्रोकोफिएव्ह आधी घ्यावा. तो पंधरा मिनिटांत सभागृह जागे करतो आणि उशिरा आलेल्यांना त्यानंतर आत घेता येते. त्याच्यानंतर स्टेजची मांडणी बदलायला ४ ते ५ मिनिटे लागतात: तंतुवाद्यांच्या चौदा खुर्च्या मागे घ्यायच्या, चेलो आणि बेसच्या जागा हलवायच्या, पाच एकलवादकांना कंडक्टरभोवती अर्धवर्तुळात बसवायचे. रिहर्सलच्या दिवशी जमिनीवर दोन रंगांच्या चिकटपट्ट्या लावून ठेवल्या (प्रोकोफिएव्हला एक रंग, पुल्चिनेलाला दुसरा) तर गोंधळ होत नाही. विसरली जाते ती बेसवादकाची उंच बैठक आणि चेलोची टोकदार काठी रुतवायची फळी. टिम्पनी हलवू नका. पुल्चिनेलात त्या गप्पच असतात, मागे उभ्या राहिल्या तरी अडचण नाही.

पूर्ण मैफल किती वेळाची?

सुमारे दोन तास. प्रोकोफिएव्ह १५ मिनिटे, पुल्चिनेला २२ ते २४, मध्यंतर २०, चायकोव्हस्की ४५ ते ५०. बाकी मांडणी, सूर लावणे आणि टाळ्या.

टाळ्या केव्हा वाजवायच्या?

रचना पूर्ण झाल्यावर. भाग मोजत राहा: ४, ८, ४. पुल्चिनेलात मोजणी चुकते, कारण 'स्केर्झिनो, अलेग्रेत्तो, आंदांतिनो' हे तीन तुकडे मिळून एक भाग आहे आणि शेवटचे 'मिन्युएत' थेट 'फिनाले'त शिरते. मोजणी चुकली तर कंडक्टरच्या हातांकडे पाहा. हात खांद्याच्या रेषेत असेपर्यंत संगीत संपलेले नाही.

खरा धोका चायकोव्हस्कीच्या चौथ्या भागात आहे. ऑर्केस्ट्रा सगळी ताकद लावून बी मेजरच्या स्वरमेळावर येतो आणि थांबतो. शांतता. इथे जगभर लोक टाळ्या वाजवतात. पण बी हा घराचा उंबरठा आहे, घर ई आहे. आपल्या भाषेत, तान पंचमावर येऊन थांबली आहे आणि षड्ज अजून यायचा आहे. त्या शांततेनंतरच मुख्य धून ई मेजरमध्ये मिरवणुकीसारखी निघते.

दोन भागांच्या मध्ये कुणी चुकून टाळी वाजवली तर तो काही अपराध नव्हे. एकोणिसाव्या शतकात ती पद्धतच होती. 'सेरेनेड'चा वॉल्ट्झ पहिल्या सादरीकरणात श्रोत्यांनी पुन्हा वाजवायला लावला होता. संगीत नाटकाला 'वन्स मोअर' देणाऱ्या आपल्या लोकांना हे वेगळे समजावून सांगायला नको.

पाचव्या सिम्फनीत लक्ष कशावर ठेवायचे?

एका धुनेवर. सिम्फनी सुरू होते तीच धून घेऊन: दोन क्लॅरिनेट, खालच्या सप्तकात, एकसुरात, खाली तंतुवाद्यांचे जड स्वरमेळ. ही धून चारही भागांत येते. ख्यालात मुखडा परत येतो तेव्हा तो आधार देतो, इथली धून परत येते ती प्रत्येक वेळी वेगळ्या चेहऱ्याने.

दुसऱ्या भागात ती दोनदा मध्येच घुसते, ब्रासच्या पूर्ण ताकदीने. प्रेमगीत चालू असताना कुणी धाडकन दार उघडावे, तसे होते. दुसऱ्या वेळी तिच्यानंतर संगीत पुन्हा पहिल्यासारखे उभारत नाही, हळूहळू विझते. तिसरा भाग वॉल्ट्झ आहे. तिथे शेवटाकडे ती क्लॅरिनेट आणि बसूनवर इतक्या हळू येते की लक्ष नसेल तर निसटते. चौथ्या भागाची सुरुवातच तिने होते, आता उदास मायनरऐवजी उजळ मेजर सुरात. आणि अगदी शेवटी पहिल्या भागाची मुख्य चालही ट्रम्पेटवर मेजर होऊन परत येते.

हा शेवट खरा विजय की ओढूनताणून आणलेला, यावर वाद जुना आहे. १७ नोव्हेंबर १८८८ च्या पहिल्या प्रयोगानंतर महिन्याभरातच चायकोव्हस्कीने आपल्या आश्रयदात्या नादेझ्दा फॉन मेक यांना लिहिलेल्या पत्रात ही सिम्फनी फसली असे म्हटले होते. मार्च १८८९ मध्ये हॅम्बुर्गला ती वाजवल्यावर त्याचे मत पालटले. तिथे जर्मन रचनाकार ब्राम्सने तिची रिहर्सल ऐकण्यासाठी मुक्काम एक दिवस वाढवला होता. त्याला ती आवडली, पण शेवटचा भाग सोडून. आमच्या मते तो शेवट टिकतो, पण कंडक्टरने चौथ्या भागाच्या सुरुवातीलाच सगळा आवाज खर्च केला नसेल तरच. सर्वात मोठा आवाज त्या खोट्या शेवटानंतरसाठी राखून ठेवावा लागतो.

पाचव्या सिम्फनीत हॉर्न चार आहेत, मग स्टेजवर पाच हॉर्नवादक का दिसतात?

दुसऱ्या भागातल्या एकल वादनासाठी. खालच्या तंतुवाद्यांचे आठ बार होतात. त्या वेळात हॉर्नवादकाकडे बघा. तो वाद्य उलटे करून नळीत साठलेले पाणी काढतो, ओठ एकदा आत घेतो, वाद्य मांडीवरून उचलतो. कंडक्टर बहुतेक वेळा नुसते पाहतो, हाताने इशारा करत नाही. आणि मग हॉर्न सुरू होते: हळू आवाजात, लांब श्वासात, जवळजवळ एकट्याने.

याआधी पंधराएक मिनिटांचा पहिला भाग त्याच ओठांनी वाजवलेला असतो. ओठ दमले की आधी बारीक आवाज जातो, मोठा आवाज नंतर जातो. म्हणून जोरात वाजवायच्या सामूहिक जागा पाचवा वादक उचलतो आणि मुख्य वादक ओठ राखून ठेवतो. याच कारणासाठी पूर्वार्धातली दोन हॉर्न शक्यतो तिसऱ्या आणि चौथ्या वादकांना द्यावीत.

प्रोकोफिएव्ह ऐकायला इतका हलका, मग वादक त्याला का घाबरतात?

कारण लपायला जागा नाही. चायकोव्हस्कीत एकच चाल व्हायोलिन, फ्लूट आणि क्लॅरिनेट मिळून वाजवतात, एकाचा स्वर थोडा घसरला तरी बाकीचे झाकून घेतात. प्रोकोफिएव्हमध्ये प्रत्येक ओळीचा मालक एकच.

पहिल्या भागातली दुसरी चाल घ्या. व्हायोलिनना दोन-दोन सप्तकांच्या उड्या घ्यायच्या आहेत, त्याही अगदी हळू आवाजात आणि ऐटीत, त्यांच्या खाली बसून हे वाद्य टुकटुक ताल धरते. जोरात उडी मारणे सोपे, हळू मारणे कठीण. दुसऱ्या भागात पहिले व्हायोलिन फार उंचावर चाल सुरू करतात. व्हायोलिनच्या तारेवर पट्टीच्या तोंडाशी दोन लगतच्या स्वरांत साधारण १८ मिलिमीटर अंतर असते, एक सप्तक वर ते ९ वर येते, आणि ही चाल त्याहूनही वर आहे. दहा जणांनी तिथे एकच स्वर लावायचा. एकाचे बोट एक मिलिमीटर सरकले तरी सगळा पुंजका आंबट लागतो.

शेवटच्या भागात मायनर स्वरमेळ एकही नाही. वेग मात्र असा की फ्लूटवादकांची दमछाक होते. कंडक्टर उत्साहाच्या भरात लय आणखी चढवतात, मग स्वर पुसट होतात आणि नुसती धावपळ उरते. प्रत्येक स्वर सुटा ऐकू येईल एवढीच लय ठेवावी.

पुल्चिनेलातल्या 'व्हिव्हो'ला लोक हसतात. ते बरोबर आहे का?

बरोबरच आहे, ते हसण्यासाठीच लिहिलेले आहे. ट्रॉम्बोन आपला दांडा सरकवत स्वर ओढतो आणि त्याच्यासमोर एकटा डबल बेस त्याच तोऱ्यात उत्तर देतो. पेर्गोलेसीची ही चाल मुळात चेलोसाठी होती. फक्त वादकांनी स्वतः विनोद करू नये. दोघांनी गंभीर चेहऱ्याने, तालात पक्के राहून वाजवले की हशा आपोआप येतो.

सूर लावताना सगळे ओबोकडे का बघतात? आणि मध्यंतरानंतर पुन्हा का?

ओबोचा स्वर टोकदार आणि स्थिर असतो, गर्दीत सापडतो. तो ए हा स्वर देतो, सेकंदाला ४४० किंवा ४४२ कंपनांचा.

मध्यंतरानंतरचे सूर लावणे या कार्यक्रमात जास्त महत्त्वाचे. हवेचे तापमान एक अंशाने उतरले तर फुंकवाद्याचा स्वर जवळपास ०.१८ टक्क्यांनी उतरतो. वीस मिनिटे एसीत पडून वाद्य पाच अंशांनी गार झाले तर ४४० चा स्वर ४३६ च्या आसपास जातो. आणि चायकोव्हस्की सुरू होतो तोच दोन क्लॅरिनेटच्या एकसुरी धुनेने. दोघांत सेकंदाला दोन कंपनांचा फरक असला तर आवाजात सेकंदाला दोन लाटा उठतात आणि शेवटच्या रांगेपर्यंत ऐकू येतात. उपाय साधा आहे: क्लॅरिनेटवादकांनी घंटा होण्याच्या पाच मिनिटे आधी स्टेजवर येऊन वाद्यात फुंकर घालत राहायचे. किनाऱ्यावरच्या दमट शहरांत वाद्ये बाहेरून आणली की अर्धा तास तरी सभागृहाच्या हवेत ठेवावीत. ओबोच्या लाकडाला एकदम बदल सोसत नाही, तडा जातो.

रिहर्सल किती ठेवाव्यात आणि वेळ कसा वाटावा?

अडीच-अडीच तासांच्या चार आणि मैफलीच्या दिवशी एक पूर्ण. नवे आयोजक सत्तर जणांच्या चायकोव्हस्कीला सगळा वेळ देतात. बहुतेक ऑर्केस्ट्रांच्या हाताखालून पाचवी सिम्फनी गेलेली असते. पुल्चिनेला सहसा गेलेली नसते. पहिली पूर्ण रिहर्सल पुल्चिनेलाला द्या, दुसरी प्रोकोफिएव्हला, पुढच्या दोन चायकोव्हस्कीला. पाच एकलवादकांनी त्याआधी स्वतंत्र एकदा बसावे. फुंकवाद्यांची 'गाव्होत' वेगळी घ्यावी, कारण तिथे तंतुवाद्ये गप्प असतात आणि श्वासाच्या जागा आपापसांत ठरवाव्या लागतात.

छापील पार्ट (प्रत्येक वाद्याची स्वरलिपी) कुठून आणायचे? परवानगी लागते का?

भारतात रचनाकाराच्या मृत्यूनंतर, पुढच्या वर्षापासून मोजून ६० वर्षे हक्क राहतो. चायकोव्हस्की १८९३ मध्ये गेला, प्रश्नच नाही. प्रोकोफिएव्ह ५ मार्च १९५३ रोजी गेला, स्टालिन गेला त्याच दिवशी. त्याच्या रचना इथे २०१४ पासून मोकळ्या आहेत. स्त्राविन्स्की १९७१ मध्ये गेला, म्हणून 'पुल्चिनेला' २०३१ अखेरपर्यंत हक्काखाली आहे. त्याचे पार्ट प्रकाशकाकडून भाड्याने घ्यावे लागतात आणि सादरीकरणाचा परवाना वेगळा. परदेशातून येणाऱ्या पेटीला आणि कागदपत्रांना वेळ लागतो, तीन महिने आधी पत्र टाका.

तंतुवादक दोघांत एक पार्ट वापरतात. १४-१२-१०-८-६ साठी ७-६-५-४-३ प्रती, म्हणजे २५. फुंकवाद्ये आणि टिम्पनीचे २०. वेगवेगळ्या आवृत्त्या मिसळू नका. रिहर्सलसाठीची खुणेची अक्षरे जुळली नाहीत तर 'एच पासून' म्हटल्यावर निम्मा ऑर्केस्ट्रा भलतीकडून सुरू होतो.

एकाच मैफलीच्या दोन पुस्तकांत दोन तारखा का?

रशियात फेब्रुवारी १९१८ पर्यंत जुने ज्युलियन कॅलेंडर होते. एकोणिसाव्या शतकात ते १२ दिवस मागे होते. पाचव्या सिम्फनीच्या पहिल्या प्रयोगाची तारीख म्हणून कुठे ५ नोव्हेंबर तर कुठे १७ नोव्हेंबर दिसते, दोन्ही बरोबर. शहराच्या नावाचेही तसेच: सेंट पीटर्सबर्ग, १९१४ पासून पेत्रोग्राड, १९२४ पासून लेनिनग्राड, १९९१ पासून पुन्हा सेंट पीटर्सबर्ग.

कुठे बसावे?

पुल्चिनेलासाठी पुढे, चायकोव्हस्कीसाठी मागे किंवा बाल्कनीत. एकच तिकीट असते, म्हणून बाल्कनीची पहिली रांग निवडा. तिथे ब्रास आणि तंतुवाद्ये मिसळून येतात आणि एकलवादक दिसतातही. बाल्कनीखालच्या शेवटच्या रांगा टाळा, तिथे छत आवाज खाते.

महाराष्ट्रात असे संगीत प्रत्यक्ष कुठे ऐकायला मिळते?

मुंबईत नरिमन पॉइंटला, एनसीपीएमध्ये (नॅशनल सेंटर फॉर द परफॉर्मिंग आर्ट्स). सिम्फनी ऑर्केस्ट्रा ऑफ इंडिया २००६ मध्ये तिथेच सुरू झाला. खुशरू सनटूक आणि कझाकस्तानचे व्हायोलिनवादक मरात बिसेनगालिएव यांनी तो उभा केला. सोव्हिएत परंपरेत शिकलेले वादक त्यात सुरुवातीपासून आहेत, त्यामुळे रशियन संगीत या ऑर्केस्ट्राला परके नाही.

आधी घरी काय ऐकून जावे?

सगळे नको. पाचव्या सिम्फनीची पहिली तीन मिनिटे चार-पाच वेळा ऐका, धून गुणगुणता येईपर्यंत. पुढचे काम ती धून स्वतः करते. पूर्ण ऐकायचेच असेल तर येव्हगेनी म्राविन्स्की आणि लेनिनग्राड फिलहार्मोनिकचे १९६० चे ध्वनिमुद्रण घ्या. फोनच्या स्पीकरवर नव्हे, हेडफोनवर, कारण ते खालचे क्लॅरिनेट फोनवर येतच नाहीत.

लहान मुलांना आणावे का?

तिकिटावर वयाची अट असेल तर ती आधी वाचा. नसेल तर आठ वर्षांपुढच्या मुलांना पूर्वार्धासाठी जरूर आणा. 'गाव्होत' आणि 'व्हिव्हो' त्यांना लगेच भिडतात, आणि चायकोव्हस्कीच्या आधी मध्यंतरात निघता येते. रांगेच्या कडेची खुर्ची घ्या.